साळवेमामांचा डबा

तो व्हिडिओ मला आतापर्यंत नऊ जणांनी पाठवला. त्यातला म्हातारा माझ्या ओळखीचा आहे हे पाठवणाऱ्यांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. डोंगराच्या पायथ्याशी पळसाखाली तो उभा आहे. डोक्याला मळकी पांढरी टोपी, हातात वनस्पती तुपाचा जुना पत्र्याचा डबा. वर जाणाऱ्या प्रत्येकापुढं तो डबा धरतो आणि म्हणतो, "खडा टाका, बाबा. जाताना टाकायचा, येताना काढायचा." एक तरुण मान लववून, देवाला फूल वाहावं तसा डब्यात खडा टाकतो. कॅमेऱ्यामागून कुणीतरी खो खो हसतं. चित्रावर हसणारे चेहरे चिकटवलेत आणि खाली नाव दिलंय, 'स्टोन अंकल'.

ते आमचे साळवेमामा. मामा आता नाहीत. व्हिडिओ मात्र फिरतोच आहे. ज्यांना हसायचं आहे त्यांनी हसावं, मी त्यांचे हात धरू शकत नाही. पण आपण कुणाला हसलो एवढं तरी त्यांना कळावं, म्हणून हे लिहिते आहे. मला लिहायची सवय नाही. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिलीच, आणि आजवर अर्जाशिवाय मी काही लिहिलेलं नाही.

किसन साळवे कन्नड तालुक्यातल्या आमच्या गावच्या शाळेत शिपाई होते. घंटा वाजवणं, कुलूप लावणं, पाणी भरणं, टपाल नेणं ही त्यांची कामं. पण त्यांचं खरं काम कुठल्याच कागदावर नव्हतं. ते मोजायचे. शाळा भरली की मामा व्हरांड्यातून एक चक्कर मारत. वर्गात डोकावत नसत. वर्गाबाहेर काढलेल्या चपलांकडं बघत आणि ऑफिसात येऊन सांगत, "चौथीत एकतीस जोड आन् एक एकटी." एकटी म्हणजे कुणाची तरी एक चप्पल कुत्र्यानं पळवलेली. गुरुजी नंतर हजेरी घेत, तर आकडा तोच निघायचा.

ही सवय त्यांना कशी लागली ते त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. नोकरीला लागले त्या वर्षी एका संध्याकाळी ते सगळ्या वर्गांना कुलपं लावून घरी निघाले. फाटकापर्यंत गेल्यावर त्यांना आठवलं की पहिलीच्या दारात एक चपलांचा जोड तसाच होता. राहिला असेल कुणाचा म्हणून ते चार पावलं पुढं गेले आणि मग परत फिरले. वर्गात मागच्या कोपऱ्यात एक पोरगी दप्तरावर डोकं ठेवून गाढ झोपली होती. दुसऱ्या दिवशी रविवार होता.

"ती चार पावलं," मामा म्हणाले, "ती अजून माझ्या टाचंला टोचत्यात."

ते देवभोळे नव्हते. घरात बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो होता, त्याला ते रोज फडक्यानं पुसायचे. स्वभाव मात्र गोड वगैरे मुळीच नव्हता. तापट होते. हेडमास्तरांनी एकदा सगळ्यांसमोर "ए शिपाई" म्हटलं तर मामांनी आठ दिवस त्यांच्या टेबलावर पाण्याचा तांब्या ठेवला नाही. विचारलं तर म्हणाले, "शिपाई ठिवंल की. साळवे नाय ठिवणार." कुणी उशिरा आलं की आधी शिवी, मग चौकशी. आणि तोंडात एकच वाक्य कायम: "गेलं ते आलं का?" शेळ्या चरून आल्या की बायकोला हेच विचारायचे. तालुक्याला दिलेलं टपाल, एस.टी.नं बाजाराला गेलेली म्हातारी, दुसऱ्या गावी खेळायला गेलेला कबड्डीचा संघ, सगळ्यांबद्दल हेच. गेलं ते आलं का? शेवंतामामी वैतागून म्हणायच्या, "ह्या माणसाला स्वर्गात जरी नेलं ना, तरी दारात उभा राहून मोजत बसंल."

आमच्या गावाच्या मागं डोंगराची एक सोंड पश्चिमेला निघते. तिच्या टोकावर उभं राहिलं की खाली सरळ दरी आणि पुढं खानदेशाचा सगळा मुलूख. भादव्यात दुपारी पाऊस पडून उघडलं की दरी ढगांनी गच्च भरते. आपण वर, ढग खाली. सूर्य त्या ढगांत बुडतो. आधी पांढरा कापूस, मग पिंजरीचा तांबडा रंग, मग वांगी रंग. तेव्हा तिथं जायला नीट वाट नव्हती. ती मामांनी केली. दर वर्षी पोळा झाला की विळा आणि कुदळ घेऊन ते एकटे जायचे, घाणेरीची झुडपं तोडायचे, निसरड्या जागी दगड बसवायचे. सातवीच्या पोरांना शाळा सुटण्याआधी एकदा तरी ढगाच्या वर उभं करायचं हा त्यांचा हट्ट. "पुढं ही पोरं ऊस तोडायला जातील, नायतर कंपनीत. एकदा तरी ढगाकडं खाली बघू द्या त्यांना," असं त्यांनी हेडमास्तरांना सांगितलेलं मी ऐकलंय.

डोंगरावर चपला काढता येत नाहीत. म्हणून तिथं खडे. पायथ्याच्या पळसाखाली मामांनी खड्यांचा ढीग करून ठेवला होता. वर जाताना प्रत्येकानं एक खडा उचलायचा आणि डब्यात टाकायचा. खाली आलं की एक खडा डब्यातून काढायचा आणि परत ढिगावर फेकायचा. डबा रिकामा झाला म्हणजे सगळे खाली आले. डब्यात खडा उरला म्हणजे कुणीतरी वर आहे. इतकी साधी गोष्ट. सातवीतल्या पोराला एका दमात कळायची. पुढं मोठमोठ्या शिकलेल्या लोकांना ती कळेना.

आणि ही भीती उगाच नव्हती. सूर्य बुडाला की तो खालचा ढग वर चढतो. बघता बघता सोंडेवर येतो आणि वाट पुसून टाकतो. हात लांब केला तर पंजा दिसत नाही. डाव्या हाताला कडा असतो. मामा सूर्य टेकायच्या आतच आम्हाला खाली हाकायला लागायचे. त्यांनी स्वतः तो सूर्यास्त कधी पाहिला नाही. आम्ही सगळे पश्चिमेला तोंड करून बसायचो आणि मामा आमच्यापुढं, कड्याच्या बाजूला, सूर्याकडं पाठ करून. आमच्या तोंडांवरचा उजेड बघत.

"मामा, तिकडं बघा ना," सातवीत आम्ही वर गेलो तेव्हा मी म्हटलं होतं.

"मी ढगाकडं बघितलं तर तुमच्याकडं कोण बघंल?"

त्याच दिवशी मी एक चूक केली. खाली आल्यावर मी माझा खडा काढला. माझी मैत्रीण शबाना मागून येत होती. मला वाटलं, ती येतेच आहे, तिचाही काढून टाकावा. आमच्यात तशी पद्धतच होती. नळावर एकमेकींची घागर भरायची, दुकानाच्या रांगेत जागा धरायची. मी दोन खडे काढले आणि ढिगावर टाकले. शबाना मात्र तिच्या जेवणाच्या डब्याचं झाकण वर राहिलं म्हणून अर्ध्या वाटेतून परत वर गेली होती.

डबा रिकामा झाला. गुरुजींनी "चला" म्हटलं. मामा चालायला लागले आणि दहा पावलांवर थांबले.

"शबानाचा आवाज का यंना?"

शबाना झोपेतसुद्धा बोलायची अशी पोरगी. तिचा आवाज नाही म्हणजे ती नाही. मामा कुणाला काही न सांगता वळले आणि पळत वर गेले. ढग तोवर अर्ध्या वाटेवर उतरला होता. आम्हाला फक्त त्यांच्या हाका ऐकू येत होत्या. बऱ्याच वेळानं दोघं खाली आले. शबानाच्या हातात ते झाकण होतं आणि ती बोलत नव्हती. एवढंच म्हणाली, "मामू, मैं बैठ गई थी. कुछ दिखताच नहीं था."

मामांनी डबा माझ्यापुढं धरला. दोन खडे कुणी काढले ते त्यांनी पाहिलं होतं की माझ्या तोंडावरून ओळखलं, मला माहीत नाही. मला वाटलं, आता थोबाडीत बसणार. ते खाली वाकले आणि फक्त मलाच ऐकू येईल असं म्हणाले, "खडा काढला म्हंजी माणूस आलं का गं, मंगल?"

गुरुजींना त्यांनी माझं नाव सांगितलं नाही. तेव्हापासून नियमात एक भर पडली: आपला खडा आपल्याच हातानं काढायचा. घरी आल्यावर बापानं मारलं असतं तर मी ते विसरले असते. ते वाक्य विसरले नाही. आज मी कंपनीत तयार मालाची तपासणी करते. दुसऱ्यानं तपासलं म्हणाला म्हणून मी कधी सही करत नाही, आणि त्यामुळं लोकांना मी खडूस वाटते.

बारावीनंतर मला कॉलेजात घालायचं की लग्न करायचं यावर आमच्या घरात महिनाभर वाद चालला. मामा एक दिवस घरी आले, चहाला नको म्हणाले आणि वडलांना म्हणाले, "पोरगी मी संभाजीनगरला सोडून येतो. जेवढी गेली तेवढीच परत आणून दाखवतो. मंग तुम्ही बोला." ते माझ्याबरोबर आले. फॉर्मच्या रांगेत चार तास उभे राहिले. फॉर्म आत गेल्यावर मी निघाले तर त्यांनी माझी वेणी धरली. "पोच घी. अर्ज दिला आन् पोच नाय घेतली तर तो दिलाच नाय." तीस वर्षं टपाल वाहिलेल्या माणसाचं ते शास्त्र होतं. खिडकीतला माणूस कुरकुरला, पण मामा पोच घेतल्याशिवाय हलले नाहीत. ती पोच माझ्याकडं अजून आहे.

मामा निवृत्त झाले आणि त्याच सुमारास आमची सोंड लोकांना सापडली. कुणीतरी ढगांवरच्या सूर्यास्ताचे फोटो टाकले आणि शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागायला लागली. पायथ्याची जमीन बाहेरच्या एका माणसानं घेतली. लोखंडी फाटक लावलं, पार्किंग केलं, मक्याच्या कणसाचे आणि मॅगीचे ठेले बसवले, तिकीट लावलं. वाटेच्या तोंडाशी पाटी लावली: 'शोधलेला स्वर्ग'. शोधला कुणी? ज्या वाटेवरून ते लोक बूट घालून जात होते तिचा एकेक दगड एका शिपायानं आपल्या हातानं बसवला होता. पाटीवर त्याचं नाव असावं अशी माझी अपेक्षा नव्हती. पण निदान तो डबा तिथं राहू द्यायचा होता.

फाटकावरच्या माणसांनी पहिल्याच आठवड्यात डबा बाहेर फेकला. "मामा, तिकिटं आमच्याकडं हायेत. खडे तुम्ही घिऊन जा घरी, चटणी वाटायला."

मामांनी डबा उचलला, आपटून गेलेली कड दगडानं सरळ केली आणि फाटकाबाहेर, सरकारी वाटेवर, त्याच पळसाखाली जाऊन बसले. रोज. निवृत्त माणूस, कुणी पगार देत नव्हतं, कुणी सांगितलं नव्हतं. येणाऱ्या प्रत्येकाला खडा टाकायला लावायचे. काही टाकायचे, काही भिकारी समजून नाणं टाकायचे. नाणं ते परत द्यायचे. जे काहीच टाकत नसत त्यांच्या वाटचा खडा मामा स्वतः टाकत आणि ते उतरले की काढता यावा म्हणून कपडे लक्षात ठेवत. "लाल शर्टवाली दोन, टोपीवाला एक, झोळीत बाळ घेतल्याली बाई, तिचं दोन खडं."

मी सुट्टीला गेले की त्यांच्याजवळ जाऊन बसायची. एकदा त्यांनी मला विचारलं, "मंगल, तिकीट फाडत्यात म्हंजी वर किती गेले ते त्यांला ठाऊक हाय. व्हय ना?"

"हो."

"मंग खाली किती आले ते कुणाला ठाऊक हाय?"

कुणालाच नव्हतं. आत जाणारा मोजायचा कारण तो तिकीट काढतो. बाहेर येणाऱ्याला मोजून कुणाचा फायदा? एवढी मोठी व्यवस्था, कॅमेरे, शिट्ट्या, पिवळी जाकिटं, आणि संध्याकाळी फाटकाला कुलूप लावताना एकही माणूस विचारत नव्हता की गेलं ते आलं का. पहिलीच्या वर्गाला कुलूप लावून चार पावलं गेलेल्या माणसाला ते कसं सहन होणार?

तेव्हा मी त्यांच्यासाठी एक अर्ज लिहिला. मागणी एकच: संध्याकाळी उतरणारे मोजायला फाटकावर एक माणूस ठेवावा. ज्या ज्या कचेरीत द्यायचा तिथं मामा स्वतः जाऊन देऊन आले. प्रत्येक ठिकाणी आवक नंबर घेतला, पोच घेतली. सगळ्या पोचा त्यांनी एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून बुद्धाच्या फोटोमागं ठेवल्या. उत्तर एकाचंही आलं नाही. एका ठिकाणी साहेब म्हणाले, "बाबा, लोक मोठे आहेत, त्यांची त्यांना अक्कल आहे." मामांनी मला हे सांगितलं आणि म्हणाले, "अक्कल ढगात दिसत नाय, हे त्यांला कोण सांगणार?"

गेल्याच्या गेल्या भादव्यात आमच्या ऑफिसातल्या सहा जणांनी सोंडेवर जायचं ठरवलं. मी आता संभाजीनगरात पुंडलिकनगरला राहते, निखिल माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो, त्यानंच गाडी काढली. वाटेत सगळे माझ्या गावाविषयी विचारत होते. फाटकाबाहेर मामा उभे होते. मी त्यांच्या पाया पडले, पण माझ्याबरोबरच्यांना म्हणाले, "हे आमच्या गावातले एक." एक. हा शब्द मी का वापरला ते मला ठाऊक आहे आणि त्याचा राग मला निखिलवरच्या रागाइतकाच आहे. 'ह्यांच्यामुळं मी शिकले' एवढं मी तेव्हा म्हटलं असतं तर पुढचं झालं नसतं.

निखिलला तो डबा फार आवडला. एकाला मोबाइल धरायला लावून त्यानं वाकून, मान लववून खडा टाकला. सगळे हसले. मामांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

वर ढग सुरेख होते. मी खोटं बोलणार नाही, मलाही भान राहिलं नाही. उतरताना नेहमीप्रमाणं ढग मागून आला आणि लोक धक्काबुक्की करत खाली धावले. आम्ही सहाही जण आलो, प्रत्येकानं एकेक खडा काढला. हळूहळू गर्दी सरली, गाड्या निघाल्या. मामांनी बॅटरी डब्यात मारली.

"एक उरला."

त्यांनी डबा उलटा केला. तळहातावर एक खडा. फाटकावरचा माणूस कुलूप लावत होता. मामा त्याला म्हणाले, "बाळा, वर एक माणूस हाय. चल माझ्याबरोबर."

"मामा, कुणीतरी काढायचा विसरला असंल. जा घरी."

मामांनी ठेल्यावर उभ्या असलेल्या प्रत्येकाला विचारलं. आम्हालाही विचारलं. "कुणी विसरलं का? खरं सांगा, मी रागवणार नाय." सगळ्यांनी नाही म्हटलं. निखिलनं पण नाही म्हटलं. तो कणीस खात होता.

"गंमत असंल कुणाची," मी म्हणाले. मामांना आधीच धाप लागलेली मला दिसत होती.

"असंल बी. पण नसली तर?"

ते निघाले. मी मागं गेले तर पहिल्या वळणावर त्यांनी मला अडवलं. "तू खाली थांब. तू बी वर आलीस तर मला दोन मोजावी लागतील." मग ढगात फक्त बॅटरीचा डाग दिसत राहिला आणि हाक ऐकू येत राहिली, "कोण हाय का वर? आवाज द्या, बाबा." शबानाला मारलेली तीच हाक, चौदा वर्षांनी थकलेली. मग तो डाग एकदम खाली गेला आणि हाक बंद झाली.

फाटकावरचा माणूस आता मात्र धावला. आम्ही वर पोचलो तेव्हा मामा अरुंद जागेपाशी पडलेले होते, त्यांनी स्वतःच बसवलेल्या दगडाला टेकून. उजव्या पायाचा खुबा गेला होता. त्यांनी दात आवळून पहिला प्रश्न विचारला तो असा: "खाली आलं का कोणी?"

दोन दिवसांनी तो व्हिडिओ आला. मी ऑफिसात माझ्या टेबलावर तो सहा वेळा पाहिला. तुम्हीही नीट बघा. निखिलचा हात डब्यावर उघडतो तेव्हा त्यातून एक खडा पडत नाही. दोन पडतात. पत्र्यावर दोनदा आवाज येतो. हसण्याच्या आवाजात तो बुडतो, पण येतो.

मी मोबाइल त्याच्यापुढं धरला. तो म्हणाला, "अगं, गंमत होती. मला काय माहीत म्हातारा खरंच वर जाईल?"

"त्यांनी विचारलं तेव्हा का नाही सांगितलंस?"

"सगळ्यांसमोर कसं सांगणार? आणि तू तरी कुठं म्हणालीस की ते तुझे मामा आहेत?"

हे दुसरं वाक्य खरं होतं. पहिल्याचं उत्तर मी त्याला सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं दिलं. त्यानं व्हिडिओ काढून टाकला. तोवर तो हजार ठिकाणी गेला होता. त्याचा खडा काही कुणी काढू शकलं नाही.

घाटीच्या सरकारी दवाखान्यातून घरी सोडल्यावर मी मामांना भेटायला गेले आणि सगळं सांगितलं. मला वाटलं, ते चिडतील. चिडायला हवे होते. ते बाजेवर पडल्या पडल्या म्हणाले, "म्हंजी वर कुणी नव्हतं?"

"कुणी नव्हतं, मामा. उगाच गेलात तुम्ही."

"उगाच कसं? जास्तीचा निघाला ते बरं झालं. कमी निघाला असता तर?" आणि माझ्याकडं बघून हसले. "ते बी एकदा झालंय आपल्यात."

मामांना पुन्हा चालता आलं नाही. पळसाखाली कुणी बसेना. मग फाटकाच्या मालकाला एक कल्पना सुचली. व्हिडिओ बघून लोक डब्याची चौकशी करत होते, तेव्हा त्यानं फाटकाच्या आत सिमेंटचा मोठा डबा बांधला, वर मामांचं हसरं चित्र काढून घेतलं आणि लिहिलं: 'खडा टाका, इच्छा मागा.' लोक खडा टाकतात, डोळे मिटतात, फोटो काढतात. येताना कुणी काढत नाही. का काढायचा हे सांगणारंच कुणी नाही. डबा भरला, बाहेर ढीग साचला, आता त्या ढिगावर मुलं चढतात. उतरणारे मोजायला आजही तिथं माणूस नाही.

दिवाळीनंतर मामांकडं गेले तेव्हा मी त्या ढिगाचा फोटो काढून नेला होता. दाखवायला नको होता. पण ते सारखं विचारत होते, पळसाखाली काय चाललंय. मी मोबाइल त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो डोळ्याजवळ धरला, लांब धरला, परत जवळ धरला. स्वतःचं चित्र त्यांनी पाहिलंच नाही. त्यांचा अंगठा त्या खड्यांवरून सरकत होता. त्यांना मोजायचे होते आणि मोजता येत नव्हते.

"येवढी माणसं," ते म्हणाले, "अजून वरच हायेत?"

मी समजावायला लागले, की तसं नाही, मामा, ते नुसते इच्छेचे खडे आहेत. ते माझं ऐकत नव्हते. त्यांचा हात बाजेखाली काठी चाचपत होता. शेवंतामामींनी ती मागंच पलीकडच्या खोलीत नेऊन ठेवली होती. "कुणीतरी जायाला पाह्यजे," ते म्हणाले, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्यांचा आवाज रडवेला ऐकला.

जीपची वेळ झाली. त्यांनी हट्ट धरला म्हणून मी आणि मामींनी त्यांना धरून अंगणात खुर्चीवर बसवलं. मामी म्हणाल्या, "इकडं तोंड करून बसा, दिवस बुडतोय, बघा किती झाक हाय." त्यांच्या मागं डोंगराच्या सोंडेवर सगळं आभाळ पेटलेलं होतं. मामांनी खुर्ची फिरवू दिली नाही. त्यांचं तोंड रस्त्याकडं, जीपकडं.

जीप खच्चून भरली होती. दोघं मागच्या फळीवर लोंबकळत होते. निघताना मी मागं वळून हात केला. त्यांनी हात केला नाही. त्या तांबड्या उजेडापुढं त्यांचा चेहरा काळसरच दिसत होता, फक्त ओठ हलत होते. आधी मला वाटलं, ते मला काहीतरी सांगतायत. मग कळलं. जीपमध्ये आम्ही किती जण बसलो, ते मोजत होते.